आहे का

कास्त्रोला ओहोटी लागली की
खांबांवरच्या घरांखाली चिखल उघडा पडतो,
आणि मी तिसऱ्या मजल्यावर बसून
क्लाउडमधल्या कोठाराला विचारत असते: आहे का?
खरे ढगही असतात खिडकीशी, जवळजवळ रोज.
त्यांना विचारून उपयोग नाही.

विचारायची एक रीत आहे.
आधी पत्ता: रुग्ण, तिरकी रेघ, ओळखक्रमांक.
मग हाक मारायची आणि थांबायचं.
उत्तर येतंच. नसलेल्याचंही येतं,
पाकीट, वर पत्ता नीट, वेळ नीट,
आत कागद नाही.
नवखी पोरं पाकीट आलं म्हणून खूश होतात,
उघडायचं विसरतात.
पहिल्या वर्षी मीही विसरले होते,
आणि चार गावांच्या लसी दिल्या म्हणून लागल्या.

आणि हो, "नाही" ऐकायचेही पैसे पडतात.
एका वाचनाचे. महिनाअखेरच्या बिलात
असलेले, नसलेले, एकाच भावाने.

आज दवाखान्याची लाँच आलाओ बेटाला लागली आहे.
तोलेंतिनो कार्कामोचा फोन, मागे इंजिनाची घरघर.
"एदेल्मिरा बार्रिया. वय एक्क्याऐंशी.
पडद्यावर काहीच नाही. नवी नोंद उघडू?"
थांब. क्रमांक सांग.
शेवटी के? मोठा की छोटा?
मोठा.
तुझा फोन जुन्या आठवणीवर तर बोलत नाहीये?
"नाही गं, नेटवर्कला चार काड्या आहेत."
बरं. मी इथून विचारते.

नाही.

पण क्रमांक तिरक्या अक्षरात दिसतोय.
तिरका म्हणजे, हा कागद नाही,
पण ह्याच्या पोटात कागद आहेत.
भेटी, सव्वीस.
वजन बावन्न. एकावन्न. एकावन्न.
डाव्या कानात मळ.
रक्तदाब चढा, मीठ कमी करायला सांगितलं.
ऐकत नाहीत. हा शेरा तोलेंतिनोचाच.

मी सात वर्षांची असताना मामाचं अख्खं घर
बैलांनी ओढून खाडीपल्याड नेलं,
सगळं गाव दोरखंडाला.
संध्याकाळी मी जुन्या जागी गेले तर
खुंट तसेच उभे. चुलीखालची माती काळी.
कुत्रं दाराच्या जागेशी बसलेलं,
आत घ्या म्हणून.

वरचा कागद मीच काढला होता, जूनमध्ये,
मयतांच्या यादीवरून.
यादीत एर्नेस्तिना बार्रिया होती. बहीण.
दोघींचे क्रमांक शेजारशेजारचे,
बोट एक ओळ खाली पडलं असणार.
वरचं पान फाडलं तरी खालची पानं राहतात,
हा ह्या कोठाराचा दोष, असं मी
किती बैठकांत बोलले आहे.
आज काही बोलत नाही.

"काय करू?" तोलेंतिनो विचारतो. "त्या समोरच आहेत.
मिल्काओ खातायत. मलाही दिला अर्धा."
त्यांना सांगू नकोस, म्हणते मी.
मग म्हणते, सांग.
पलीकडे कुजबुज. मग हसू, खोकल्यासारखं.
"म्हणतायत, लहानपणी एर्नेस्तिना आजारी पडली
की कडू औषध ह्यांनाच पाजायचे, धाक म्हणून.
ती मेली आणि कागद ह्यांचे गेले.
रीतीला धरूनच झालं, म्हणतायत."

लिहिते. नाव, जन्मतारीख, बेट.
खालच्या सव्वीसांना ह्याने धक्का लागत नाही,
माहीत आहे. तरी कळ हळूच दाबते.
मग पुन्हा विचारते, गरज नसताना.

आहे.

अक्षरं सरळ उभी राहिली.
एकोणतीस वाचनं झाली, एक लेखन,
माझ्या नावावर लावा.

फोन अजून चालूच आहे.
"वजन एकोणपन्नास," तोलेंतिनो मोठ्याने म्हणतो,
ते माझ्यासाठी की त्यांच्यासाठी, कळत नाही.
खाली पाणी पहिल्या खांबाला लागलंय.
"मीठ खाता का अजून?"

"नाही," त्या म्हणतात, तोंड भरलेलं.